मोहाडीचा प्रश्न, नागपूरचे उत्तर

हिवाळी अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की विदर्भातल्या सरकारी कचेऱ्यांत ‘एलएक्यू’ची धावपळ सुरू होते. आमदाराने विधिमंडळात विचारलेल्या प्रश्नाला कचेरीत याच नावाने ओळखतात. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून प्रश्नाचा कागद निघतो. आरोग्य सेवा संचालनालय, नागपूरचे उपसंचालक, भंडाऱ्याचे जिल्हा शल्य चिकित्सक अशा पायऱ्या उतरत तो मोहाडीच्या ग्रामीण रुग्णालयात येऊन पडतो. त्यावर ‘विधानमंडळ कामकाज, अति तातडीचे’ असा शेरा असतो. पदे किती मंजूर, किती भरलेली, यंत्र कधीपासून बंद, दुरुस्तीचा प्रस्ताव कोणाकडे, असे रकाने भरून माहिती आल्या वाटेने वर जाते. वाटेतल्या प्रत्येक टेबलावर तिची भाषा थोडी मऊ होते. मंत्र्यांच्या हाती पोचते तेव्हा ते सभागृहात द्यायचे उत्तर झालेले असते.

म्हणजे ज्या कार्यालयाच्या कारभाराबद्दल विचारले, त्याच कार्यालयाने पुरवलेल्या माहितीवर मंत्री बोलतात. टीव्हीवर गदारोळ दिसतो, पण उत्तर भरीव निघणार की पोकळ, हे बरेचसे तालुक्यातच ठरून गेलेले असते. आरोग्यावरच्या प्रश्नोत्तरांचा गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडला, तर ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

मोहाडी हे भंडारा-तुमसर रस्त्यावरचे, चौंडेश्वरी देवीचे, तालुक्याचे गाव. भोवती धानाची बांधी, वैनगंगेचे खोरे. वरठीचा पोलाद कारखाना आणि भंडारा रोड स्टेशनही याच तालुक्यात. विधानसभेत तालुक्याला स्वतंत्र आमदार नाही, तुमसर मतदारसंघात तुमसर आणि मोहाडी मिळून एक. अख्ख्या जिल्ह्याचे आमदार तीन: तुमसर, भंडारा आणि साकोली. २८८ जणांच्या सभागृहात हे तीन आवाज. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले, ते अशाच भागांसाठी. मोहाडीच्या माणसाला मुंबई गाठायची तर रात्रभराचा प्रवास. नागपूरला सकाळी निघून निवेदन देऊन संध्याकाळी घरी येता येते. म्हणून हे अधिवेशन दोन आठवड्यांचे की सहा दिवसांचे, हा विदर्भात निव्वळ मानाचा मुद्दा नाही. दिवस कमी झाले की प्रश्न कमी होतात, आणि सर्वांत आधी लहान तालुक्यांचे प्रश्न गळतात.

प्रश्न विचारण्याचे प्रकार बरेच आहेत. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना आहे, उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा आहे, मोठ्या विषयासाठी विधानसभेत नियम २९३ चा आणि परिषदेत २६० चा प्रस्ताव आहे. या सगळ्यांत तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय. असल्यास चौकशी केली काय. चौकशीत काय आढळले व कोणती कारवाई केली. नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तराचाही साचा ठरलेला: ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’. पहिल्या भागाला ‘खरे नाही’ म्हटले की पुढच्या तिन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढे लिहून काम भागते. गावाचे नाव चुकले, तारीख एका दिवसाने हुकली, बंद यंत्राचे नाव भलतेच लिहिले, तरी ‘हे खरे नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिता येते. चांगला प्रश्न म्हणूनच तालुक्यात घडवावा लागतो. ज्या आशाताईने तीन महिने गोळ्या आलेल्या नाहीत हे वहीत लिहून ठेवले आहे, तिची ती वही आमदारापर्यंत गेली तरच प्रश्नाला धार येते.

९ जानेवारी २०२१ ची रात्र भंडारा जिल्हा विसरलेला नाही. मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागात आग लागली. आत सतरा बाळे होती. सात वाचली, दहा दगावली. तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून. मोहाडी तालुक्यातल्या गावांतून आलेल्या मातांची बाळेही त्यांत होती. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे दुसऱ्या दिवशी भंडाऱ्यात आले. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांची मदत जाहीर केली. नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि त्याच महिन्यात कारवाईही जाहीर झाली. जिल्हा शल्य चिकित्सकांसह काही जण निलंबित झाले, बदली झाली, काही कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवा संपवण्यात आली.

विधिमंडळाच्या अंगाने पाहिले तर आगीआधीच्या वर्षाचे चित्र फार बोलके आहे. करोनामुळे मार्च २०२० मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन आटोपते घेतले गेले. त्यानंतर आग लागेपर्यंत महाराष्ट्राचे विधिमंडळ भरले ते सप्टेंबरात दोन दिवस आणि डिसेंबरात दोन दिवस. दोन्ही वेळा मुंबईत, दोन्ही वेळा प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय. साथीच्या काळात, जेव्हा प्रत्येक घर रुग्णालयाच्या दाराशी उभे होते, तेव्हा आरोग्यमंत्र्यांना विचारण्याचा नेहमीचा मार्गच बंद होता. नागपूरचे अधिवेशन नेहमीप्रमाणे झाले असते तर आग टळली असती, असा दावा कोणीही करू नये. पण रुग्णालयाकडून अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव आधीच वर गेला होता, अशा बातम्या आगीनंतर आल्या. तो कोणाकडे, किती दिवस थांबला, हा अतारांकित प्रश्नाचा अगदी नमुनेदार विषय होता. तो आधी विचारायचा असतो. त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते नाना पटोले, साकोलीचे, म्हणजे याच जिल्ह्याचे आमदार. आगीनंतर महिना व्हायच्या आत त्यांनी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद घेण्यासाठी राजीनामा दिला आणि जुलै २०२२ पर्यंत ते आसन उपाध्यक्षांनी सांभाळले.

आगीनंतर राज्यातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी, म्हणजे फायर ऑडिट, करण्याचे आदेश निघाले. सरकार बोलले ते पाळले का? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ जण गेले. त्याआधी एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयातही आग लागली होती. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बाळांच्याच कक्षात आग लागली आणि त्या रात्री पुन्हा दहा बाळे गेली. प्रश्न विचारणाऱ्यांना यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘तपासणी केली काय’ असे विचारले की ‘होय’ असे उत्तर येते आणि ते खरेही असते. तपासणीत सुचवलेली कामे कोणती, त्यांना निधी कोणत्या तारखेला मिळाला, विजेची जुनी वायरिंग बदलल्याचा दाखला कोणी दिला, असे विचारले की सार्वजनिक बांधकाम विभागापासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत सगळ्यांना कागद काढावे लागतात. बहुतेक वेळा सभागृहात पहिला प्रश्न विचारला जातो, दुसऱ्यापर्यंत वेळच पोचत नाही.

उत्तर खालून येते, याचा सर्वांत वेदनादायक दाखला भंडाऱ्याच्या आगीच्याच वर्षी दिल्लीत मिळाला. २० जुलै २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. आरोग्य हा राज्यांचा विषय असून ऑक्सिजनच्या अभावी मृत्यू झाल्याचे राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेले नाही, असा त्याचा आशय होता. देश हादरला. दुसऱ्या लाटेत लोकांनी सिलिंडरसाठी रात्री काढल्या होत्या, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. भारती पवार तेव्हा दिंडोरीच्या खासदार होत्या, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या. २१ एप्रिलला नाशिकच्याच झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा थांबला आणि २२ रुग्ण दगावले होते. पण कागदोपत्री तो अपघात. महाराष्ट्रात तेव्हा केंद्राच्या विरोधी पक्षांचे सरकार होते, आणि राज्यात ऑक्सिजनअभावी मृत्यू झाले नाहीत, असेच राज्याच्या आरोग्यमंत्र्यांचेही म्हणणे होते. पक्ष कोणताही असो, उत्तराची गंगोत्री मृत्यूच्या दाखल्यात आहे. दाखल्यावर ‘श्वसनसंस्था निकामी’ लिहिले जाते. टाकी रिकामी होती हे त्यात लिहिण्याला जागाच नाही. जिल्ह्याने ‘निरंक’ कळवले, राज्याने ‘निरंक’ कळवले, केंद्राने तेच सभागृहाला कळवले. एकानेही खोटे लिहिलेले नसताना उत्तर सत्यापासून किती लांब जाऊ शकते, हे या एका उत्तराने दाखवले.

कुपोषणाच्या उत्तरांचीही हीच कहाणी आहे. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ पासून राज्याच्या चर्चेत आहेत. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, अधिवेशनामागून अधिवेशने झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये आदिवासी विकासमंत्री विजयकुमार गावित यांनी विधानसभेत पालघरमधले मृत्यू कुपोषणाने झालेले नाहीत, अशी भूमिका घेतली तेव्हा विरोधकांनी सभात्याग केला. बाळ शेवटी न्यूमोनियाने किंवा जुलाबाने जाते, दाखल्यावर तेच येते. वजन कमी असल्याने ते आजाराला बळी पडले, ही बाब दुसऱ्या रजिस्टरमध्ये, अंगणवाडीच्या वजनपत्रकावर असते. दोन्ही कागद एकमेकांसमोर ठेवून विचारलेला प्रश्न मंत्र्यांना टाळता येत नाही. मेळघाटात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नेमके तेच केले आणि म्हणूनच हा विषय फायलीत गाडला गेला नाही.

त्याच पावसाळी अधिवेशनात आरोग्यमंत्री तानाजी सावंत यांना पालघरच्या हत्तीरोगावरच्या प्रश्नावर समाधानकारक माहिती देता आली नाही आणि अध्यक्षांनी तो प्रश्न राखून ठेवला. खातेवाटप होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. बातम्या मंत्र्यांच्या फजितीच्या झाल्या, रोग मागे राहिला. भंडाऱ्याच्या वाचकाला मात्र हा विषय परका नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या आणि तलावांच्या पट्ट्यात हत्तीरोग मुरलेला आहे. दरवर्षी घरोघर जाऊन गोळ्या खाऊ घालण्याची मोहीम होते. सूज आलेला पाय घेऊन बांधीत चिखलणी आणि रोवणी करणाऱ्या माणसाचे दुःख एका मोहिमेने संपत नाही. गोळ्या वाटल्या किती आणि कर्मचाऱ्यासमोर गिळल्या किती, रात्रीचे रक्तनमुने कोणत्या गावांत घेतले, अंडवृद्धीच्या किती शस्त्रक्रिया बाकी आहेत, असे प्रश्न तालुकावार विचारले गेले तर हत्तीरोगाचे खरे रूप सभागृहाला दिसेल. एखादा प्रश्न राखून ठेवला जातो, तेव्हा तो पुन्हा कधी चर्चेला आला याकडेही लक्ष ठेवणारे कोणीतरी हवे.

तक्रार करणारा पुढे येत नाही म्हणून प्रश्न मरण्याची गोष्ट महाराष्ट्रात फार जुनी आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि सैनिकांकडून घरझडत्या चालू होत्या. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी झडत्यांमधल्या अत्याचारांविषयी तिथे जाहीरपणे सांगितले. प्रकरण पार्लमेंटमध्ये गेले, लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन भारतमंत्री होते. विचारणा मुंबई सरकारकडे आली आणि मुंबई सरकारने आरोप खोटे ठरवले. ज्याच्या कारभाराबद्दल प्रश्न होता त्यानेच उत्तर दिले. गोखले परतले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुरावा घेऊन पुढे येईना आणि त्यांना माफी मागावी लागली. त्यांच्यासारख्या सरळ माणसाला तो घाव आयुष्यभर पुरला. पण पुढे कायदेमंडळात आकड्यांनी बोलणारा सभासद म्हणून त्यांचे नाव झाले. हिंदी सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला होता, पण उपप्रश्न विचारता येत नव्हता. तो हक्क १९०९ मध्ये आला, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. आज मोहाडीच्या रुग्णालयावरच्या तारांकित प्रश्नाला राज्यातला कोणताही आमदार उपप्रश्न विचारू शकतो. पिढ्यांनी झगडून मिळवलेली ही गोष्ट गोंधळात वाया जाते तेव्हा वाईट वाटते.

मोहाडी तालुक्याचे नाव देशभर गेले ते मात्र गृहखात्याच्या प्रश्नाने. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिले काही आठवडे ही बातमी जिल्ह्याबाहेर फारशी गेली नाही. मोर्चे निघाले, राज्य पेटले, नोव्हेंबरात तपास सीबीआयकडे गेला. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते आणि डिसेंबरचे अधिवेशन नागपुरात, खैरलांजीपासून दोन तासांच्या वाटेवर होते. या प्रकरणात पोलिसांच्या तपासावर आक्षेप होते, तसेच शवविच्छेदनावरही होते. पंचनामा गृहखात्याचा, शवविच्छेदन आरोग्य खात्याचे, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी सामाजिक न्याय खात्याकडे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पण तालुक्याच्या रुग्णालयात शवविच्छेदनासाठी प्रशिक्षित डॉक्टर आहे का, स्त्रीचा मृतदेह असेल तर काय दक्षता घेतली जाते, हे प्रश्न न्यायप्रविष्ट नव्हते आणि आजही नाहीत. ते कोणत्याही अधिवेशनात विचारता येतात.

खात्यांची ही वाटणी समजल्याशिवाय आरोग्याचा प्रश्न नीट विचारताच येत नाही. मोहाडीकडच्या एखाद्या खेड्यातली गरोदर बाई घ्या. तिची नोंद उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, ती जिल्हा परिषदेची. पोषण आहार अंगणवाडीतून, म्हणजे महिला व बालविकास विभागाचा. अडचण आली की ग्रामीण रुग्णालय, ते जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली. १०८ ची रुग्णवाहिका कंत्राटदार कंपनीची. बाळाचा अतिदक्षता विभाग राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशावर, तिथल्या परिचारिका बऱ्याचदा कंत्राटी. तिथूनही पुढे नागपूरला मेडिकलमध्ये पाठवले तर वैद्यकीय शिक्षण खाते. बाई एकच, आणि उत्तर द्यायला चार मंत्री. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, त्यांत १२ नवजात बाळे होती. तेव्हा उत्तर वैद्यकीय शिक्षणमंत्री हसन मुश्रीफ यांच्याकडे होते. पण ती बाळे शेवटच्या घटकेला तिथे का पोचली, याचे उत्तर आरोग्य खात्याच्या तालुक्यातल्या रुग्णालयांत होते. राज्यघटनेने मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक ठरवली आहे. ‘ही बाब माझ्या विभागाशी संबंधित नाही’ हे उत्तर नियमात बसत असेल, पण घटनेच्या त्या तरतुदीच्या मनात ते नाही.

प्रश्नाला बाजारभावही आला, हेही या आढाव्यात नोंदवायला हवे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले, त्यांत जळगाव आणि एरंडोलचे खासदार होते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्नांची यादी लागते आणि प्रत्यक्षात मोजकेच चर्चेला येतात. इतक्या दुर्मीळ जागेवर एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयाचा हक्क किती, हे आमदार-खासदारांच्या कार्यालयांत ठरते. तिथे कोण आधी पोचते, याला महत्त्व आहे.

उत्तर मिळाल्यावर काय? मंत्री सभागृहात ‘तीन महिन्यांत पद भरू’, ‘चौकशी करून कारवाई करू’ म्हणतात, तेव्हा ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समितीकडे जाते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत आहे. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती काम करते. स्थानिक पत्रकारांनी खरे तर या समितीच्या अहवालांवर बसून राहायला हवे. भंडाऱ्याविषयी दिलेली कोणती आश्वासने पुरी झाली, कोणती पुढे ढकलली, हे त्यात सापडते. महालेखापरीक्षकांचा २०१६ ते २०२२ या काळातल्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात सादर झाला. डॉक्टर, परिचारिकांच्या रिक्त पदांपासून औषधखरेदीपर्यंत त्यात पुढच्या कित्येक अधिवेशनांना पुरेल एवढा ऐवज आहे.

नागरिकाच्या हातात माहिती अधिकार आहे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशी पुस्ती २००५ च्या कायद्याच्या कलम ८ मध्ये वैयक्तिक माहितीच्या तरतुदीला जोडलेली होती. त्या एका वाक्याने मोहाडीचा शेतकरी आणि तुमसरचा आमदार एका पायरीवर आले होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती तरतूद बदलली. रुग्णालयात डॉक्टर हजर होता की नाही, ही माहितीसुद्धा आता ‘वैयक्तिक’ म्हणून अडवली जाण्याची भीती आहे, आणि ती नाकारली गेल्यास अपिलात किती अर्जदार टिकतील ही काळजीची गोष्ट आहे. म्हणूनच सभागृहातल्या प्रश्नाचे मोल यापुढे वाढणार आहे.

भंडाऱ्यापुरती एक नवी बाब आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत भंडारा आहे. जिल्ह्याने वर्षानुवर्षे मागितलेली ही गोष्ट. अशा महाविद्यालयांना सुरुवातीला जिल्हा रुग्णालयच शिकवण्यासाठी जोडले जाते आणि कारभारात वैद्यकीय शिक्षण खाते येते. मोहाडीहून पाठवलेल्या बाळाचा कक्ष, त्यातली विजेची जोडणी, अग्निसुरक्षेचा दाखला आणि रात्रपाळीच्या परिचारिकांची संख्या यांची जबाबदारी कोणत्या तारखेपासून कोणत्या खात्याकडे गेली, हा प्रश्न आरोग्यमंत्री आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री या दोघांच्याही नावे येत्या नागपूर अधिवेशनात दाखल व्हायला हवा, आणि त्यासाठीची माहिती मोहाडी, तुमसर आणि भंडाऱ्यात आतापासूनच गोळा व्हायला हवी.